वाचकांचे प्रश्न : कडेचा जादा सिलिंडर कसा बांधावा, कसा हाताळावा

मागील अंकात तांत्रिक स्कूबा डायव्हिंगवर जो लेख आला होता, त्यात पाठीवरच्या जोडसिलिंडरांखेरीज अंगाच्या कडेला लटकवून न्यावयाच्या जादा सिलिंडरांचा विषय एका परिच्छेदात उरकलेला होता. खोलवरून वर येताना, शरीरात विरघळलेला वायू निघून जावा म्हणून ठरावीक खोलींवर थांबावे लागते, आणि त्या थांब्यांवर अधिक ऑक्सिजनचा वायू या सिलिंडरांतून घेतात. वाचकांनी नेमका तोच परिच्छेद धरला आणि पुण्यातून त्याविषयी बरीच पत्रे आली. त्यांतील चार प्रश्न येथे घेतले असून, सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. ही उत्तरे प्रशिक्षण घेत असलेल्या किंवा घेतलेल्या मंडळींसाठी आहेत. पाण्याखाली श्वासाचा वायू बदलणे हे नुसते वाचून करून पाहण्याचे काम नव्हे.

प्रश्न : मी सह्याद्रीत प्रस्तरारोहण करतो आणि सध्या तांत्रिक डायव्हिंगच्या पहिल्या अभ्यासक्रमाची तयारी करीत आहे. आमच्या शिक्षकांनी ८० घनफुटी (म्हणजे साध्या दाबाला मोजल्यास एवढी हवा मावणारा) ॲल्युमिनियमचा सिलिंडर प्रत्येकाने स्वतः बांधून आणावा असे सांगितले आहे. माझ्याकडे उत्तम प्रतीचे कॅराबिनर भरपूर पडून आहेत. ते वापरले तर चालतील का? बाकीचे सामान पुण्यात मिळेल का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : कॅराबिनर वापरू नयेत. त्यांच्या मजबुतीबद्दल शंका नाही. अडचण त्यांच्या फाटकाची आहे. कॅराबिनरचे फाटक बाहेरून दाब पडला की आत उघडते, आणि कड्यावर हाच त्याचा गुण असला, तरी पाण्यात मार्गदर्शक दोरी, तुटक्या जाळ्याचा तुकडा किंवा जोडीदाराच्या नळीचे वेटोळे त्यात आपसूक शिरते आणि मग सुटता सुटत नाही. स्क्रूचा कॅराबिनर घेतला तर हे टळेल, परंतु आट्यांत वाळू गेली किंवा बोटे गारठली की तो एका हाताने उघडणार नाही, आणि दुसरा हात त्या वेळी मोकळा असेलच याची खात्री नसते. म्हणून बोल्ट स्नॅपच घ्यावेत, कारण त्यांची खिट्टी अंगठ्याने मुद्दाम मागे ओढल्याखेरीज उघडत नाही. ते ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे असावेत. कुत्र्याच्या पट्ट्याला असतात तसे मुलामा दिलेले स्नॅप स्वस्त मिळतात व दिसायला हुबेहूब सारखे असतात, पण समुद्राच्या पाण्यात त्यांची आतली स्प्रिंग पाहता पाहता गंजते आणि खिट्टी अडकून बसते.

बाकीचे सामान साधे आहे : सुमारे ६ मिलिमीटर जाडीची, न ताणणारी, विणीची दोरी, ती आत ओवता येईल असा बागेच्या नळीचा तुकडा, सिलिंडरच्या घेराची स्टेनलेसची होज क्लिप (स्क्रूने आवळायचा पट्टा), आणि दोन रुंद रबरी पट्टे. दोरी, नळी व क्लिप रविवार पेठेत, बोहरी आळीच्या परिसरात हिंडलात तर मिळून जातील. ८० घनफुटी सिलिंडरचा बाहेरचा व्यास १८४ मिलिमीटर असतो. एवढ्या मापाची क्लिप पहिल्याच दुकानात मिळाली नाही तर दोन लहान क्लिपा एकमेकींत अडकवून एक करता येते. क्लिपचा पट्टा स्टेनलेसचा आणि स्क्रू मात्र साध्या लोखंडाचा, असा प्रकार बाजारात सर्रास चालतो; तेव्हा खिशात एक लोहचुंबक ठेवावा आणि तो स्क्रूला कडकडून चिकटला तर क्लिप परत द्यावी. रबरी पट्ट्यांसाठी पंक्चरवाल्याकडची मोटारीची जुनी ट्यूब आडवी कापून घेतली की काम होते, आणि माझ्या मते विकतच्या लवचीक दोरीपेक्षा ती अधिक दिवस टिकते.

आता बांधणी. दोरी दुहेरी घेऊन तिच्या एका टोकाचा फास सिलिंडरच्या मानेत, व्हॉल्व्हच्या खाली बसवावा आणि त्याला लागूनच पहिला स्नॅप बांधावा. तेथून दोरी नळीच्या तुकड्यातून ओवून खाली आणावी व तिचे टोक होज क्लिपखाली दाबावे. तेथेच दुसरा स्नॅप येतो. दोन्ही स्नॅपांमधला नळी चढवलेला भाग उचलण्यासाठी मुठीचे काम करतो. अंतर मात्र पुस्तकातून घेऊ नये. हार्नेस (अंगावरचे पट्टे) चढवून, आरशासमोर उभे राहून छातीवरच्या डाव्या डी-रिंगपासून (स्नॅप अडकवायच्या कडीपासून) कमरेच्या डाव्या डी-रिंगपर्यंतचे अंतर कोणाकडून तरी मोजून घ्यावे. मध्यम बांध्याच्या माणसाला ते ४० सेंटिमीटरच्या आसपास येते. वरचा स्नॅप मानेच्या जवळ, आखूड दोरीवर असावा. ती दोरी लांब राहिली की सिलिंडर छातीपासून सुटून लोंबतो, आणि तळाशी प्रवाळ असेल तर त्याचे नुकसान ठरलेले.

पुष्कळ जण विचारतात की एवढा दोरीचा खटाटोप कशासाठी, स्नॅप सरळ क्लिपला कडीने का जोडू नये? कारण दोरी चाकूने कापता येते. स्नॅप आखडला किंवा जाळ्यात गुंतला तर सिलिंडर सोडून मोकळे होण्याचा शेवटचा मार्ग तोच असतो. धातू धातूला कायमचा जोडायचा नाही, हा नियम येथे अपवाद न करता पाळावा.

सिलिंडरमधला दाब उतरवून श्वासाला वायू देणाऱ्या रेग्युलेटरला एकच सेकंड स्टेज, म्हणजे तोंडात धरायचा भाग, असते आणि तिची नळी साधारण एक मीटर लांबीची ठेवतात. ती दुमडून सिलिंडरच्या अंगाला समांतर, दोन्ही रबरी पट्ट्यांखाली बसवावी. प्रेशर गेजची नळी वीतभरच असावी आणि गेज व्हॉल्व्हकडे वळवून असा बांधावा की मान किंचित खाली घातली तरी आकडा वाचता येईल. कोरड्या जमिनीवर, डोळे मिटून, ही नळी एका हाताने काढून पुन्हा पट्ट्यांखाली बसवता आली की बांधणी जमली असे समजावे.

प्रश्न : तरणतलावातील सरावात सुरुवातीला सिलिंडर नीट राहतो, पण वायू संपत आला की त्याचा तळ वर उचलला जातो आणि मी एका बाजूला कलंडते. स्टीलचा सिलिंडर घेऊ का? आणि पुढे दोन सिलिंडर न्यावे लागले तर दोन्ही बाजूंना एकेक लावला म्हणजे तोल राहील ना? (एक वाचक, औंध)

उत्तर : तळ उचलला जाणे हा दोष नसून हिशेब आहे. ८० घनफुटी सिलिंडरमध्ये २०० बार (बार हे दाबाचे एकक) या दाबाच्या आसपास हवा भरली की त्या हवेचेच वजन अडीच-पावणेतीन किलो होते. त्यामुळे समुद्राच्या पाण्यात भरलेला सिलिंडर पाऊण किलोच्या आसपास बुडीत असतो, तर तोच रिकामा झाला की दोन किलोच्या आसपास तरता होतो. तलावाच्या गोड्या पाण्यात हे दोन्ही आकडे सुमारे ४०० ग्रॅमने बुडीत बाजूला सरकतात. म्हणजे आपणांस तलावात जे जाणवते आहे, ते समुद्रात थोडे अधिकच जाणवेल.

उपाय म्हणून होज क्लिप दोन-तीन सेंटिमीटर तळाकडे सरकवून पाहा. कमरेच्या मागे राहणारा भाग कमी झाला की तो उचललाही कमी जातो. फार सरकवू नका, नाही तर व्हॉल्व्ह काखेत किंवा हनुवटीशी येतो. काही जण क्लिपखाली शिसे अडकवतात. मला ते पसंत नाही, कारण ते वजन सिलिंडर भरलेला असतानाही सोबत राहते. स्टीलचा विचार तर सोडूनच द्यावा. कडेचा सिलिंडर प्रसंगी काढून जोडीदाराच्या हातात द्यावा लागतो, दोरीला अडकवून ठेवावा लागतो, आणि ॲल्युमिनियमचा सिलिंडर पाण्यात जवळजवळ बिनवजनाचा असल्याने हे सर्व शक्य होते. स्टीलचा जड सिलिंडर हातातून सुटला तर तो तळालाच जातो आणि त्याच्यासोबत वर येण्याचा आपला बेतही.

दोन सिलिंडरांबाबत दोन पंथ आहेत. एक पंथ ऑक्सिजनचे प्रमाण अधिक असलेला सिलिंडर उजवीकडे व कमी असलेला डावीकडे लावतो. दुसरा सर्व सिलिंडर डावीकडेच लावतो. मी दुसऱ्या पंथाचा आहे. पाठीवरच्या सिलिंडरची सुमारे दोन मीटरची लांब नळी, जी वायू संपलेल्या जोडीदाराला द्यावयाची असते, ती उजव्या बाजूने येते; तिच्यावर दुसरा सिलिंडर बसला तर ऐन वेळी ती दबलेली सापडते. डावीकडे दोन ॲल्युमिनियमचे सिलिंडर असले तरी वाटतो तेवढा कल येत नाही, हे एकदा पाण्यात करून पाहिल्यावर पटते. उजवा पंथ चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. मात्र ‘उजवीकडचा म्हणजे ऑक्सिजनचा’ अशी ओळख जर कोणी मनात धरत असेल, तर तो धोका आहे. ओळख पाटीवरून पटवायची, बाजूवरून नव्हे.

दुसरा सिलिंडर ८० चा घ्यावा की ४० चा, असेही याच पत्रात विचारले आहे. ६ मीटर खोलीवर दाब १.६ पट असतो. शांतपणे थांबलेला माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर वायू वापरतो असे धरले, तर तेथे ३२ लिटर लागतात. २० मिनिटांच्या थांब्याला ६४० लिटर, आणि दीडपट राखीव धरून ९६० लिटर. ४० घनफुटी सिलिंडरमध्ये १,१०० लिटरच्या आसपास वायू बसतो. ऑक्सिजनसाठी तो पुरतो.

प्रश्न : मी भूलतज्ज्ञ होतो व आता निवृत्त आहे. आयुष्यभर रुग्णांना शुद्ध ऑक्सिजन दिला. हायपरबॅरिक कक्षात तर रुग्णाला अडीच वातावरणांहून अधिक दाबाखाली तो दिला जातो. असे असताना डायव्हिंगमध्ये शुद्ध ऑक्सिजनला ६ मीटरची मर्यादा घालणे, सिलिंडरवर भिंतीवरच्या जाहिरातीएवढे आकडे लिहिणे आणि व्हॉल्व्ह बंद ठेवून पोहणे, हे अतिसावधपणाचे वाटत नाही का? (एक वाचक, सहकारनगर)

उत्तर : डॉक्टरसाहेब, आपला प्रश्न मर्मावर बोट ठेवणारा आहे, म्हणून त्याला थोडी अधिक जागा देतो. दाबाखालील ऑक्सिजनने झटके येतात, हे पॉल बेर यांनी १८७८ मध्येच नोंदवून ठेवले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश नौदलासाठी केनेथ डोनाल्ड यांनी डायव्हरांवर ज्या चाचण्या घेतल्या, त्यांतून दोन गोष्टी पुढे आल्या. एक, ऑक्सिजन सोसण्याची शक्ती माणसामाणसांत तर बदलतेच, पण एकाच माणसात आज एक आणि उद्या दुसरी असते. दुसरी, कोरड्या कक्षात जो दाब माणूस सहज सोसतो, तो पाण्यात बुडालेला व हातपाय हलवीत असलेला माणूस सोसत नाही. त्यात श्रमाने रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढला तर मर्यादा आणखी खाली येते. आपला कक्षातील रुग्ण पडून असतो, त्याला मध्ये मध्ये साध्या हवेची विश्रांती दिली जाते आणि झटका आलाच तर मास्क काढला की बहुधा भागते. पाण्यातल्या माणसाला झटका आला की तोंडातला रेग्युलेटर सुटतो. मृत्यू बुडून होतो. आणि त्याआधी काही पूर्वसूचना मिळेल असा भरवसा नसतो.

यामुळे थांब्यांच्या वेळी ऑक्सिजनचा आंशिक दाब (एकूण दाबातील ऑक्सिजनचा वाटा) १.६ वातावरणांच्या वर जाऊ द्यायचा नाही, असे ठरले आहे. शुद्ध ऑक्सिजनला त्यावरून ६ मीटर येतात. ५० टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणाला हिशेबाने २२ मीटर येतात, पण व्यवहारात २१ वर थांबून वायू बदलतात. या दोन सिलिंडरांची अदलाबदल झाली आणि २१ मीटरवर शुद्ध ऑक्सिजन तोंडात गेला, तर आंशिक दाब ३.१ होतो. आपण उल्लेखिलेल्या कक्षातील दाबापेक्षाही हा अधिक आहे, तोही पाण्यात.

आता आकड्यांकडे वळू. सिलिंडरच्या दोन्ही अंगांना, लांबीच्या दिशेने, सात-आठ सेंटिमीटर उंचीचा एकच आकडा असावा : ती कमाल खोली, मीटरमध्ये. दोन्ही अंगांना यासाठी, की एक बाजू वापरणाऱ्याला दिसावी आणि दुसरी, तो पाण्यात आडवा असताना, जोडीदाराला. वायूचे नाव, ‘नायट्रॉक्स’ (हवेपेक्षा अधिक ऑक्सिजनचे मिश्रण) असा उभा-आडवा रंगीत पट्टा, दुकानाचे बोधचिन्ह यांनी सिलिंडर भरून टाकला की तो आकडा हरवतो. मी तर ते सर्व सोलून काढायला सांगतो. मानेजवळच्या चिकटपट्टीवर मात्र वायूचे मोजलेले प्रमाण, मोजल्याची तारीख व मोजणाऱ्याची आद्याक्षरे असावीत, आणि मोजणारा म्हणजे तो सिलिंडर वापरणाराच. सिलिंडर रिकामा झाला की ही चिकटपट्टी त्याच दिवशी फाडून टाकावी; जुनी पट्टी तशीच राहिलेला सिलिंडर हा बिनपट्टीच्या सिलिंडरपेक्षा वाईट.

व्हॉल्व्हचे असे आहे. पाण्यात शिरण्यापूर्वी तो उघडून रेग्युलेटरमध्ये दाब भरून घ्यायचा व पुन्हा बंद करायचा. दाब भरलेला असल्याने पाणी आत शिरत नाही, आणि व्हॉल्व्ह बंद असल्याने सेकंड स्टेज कुठे घासून वाहू लागली तरी नळीतला चिमूटभर वायूच जातो. परंतु खरे कारण याहून मोठे आहे. समजा डायव्हरने चुकून दुसऱ्याच सिलिंडरची सेकंड स्टेज तोंडात घातली. व्हॉल्व्ह बंद असेल तर एक-दोन श्वासांत ती कोरडी पडते आणि चूक तेथेच उघड होते. उघडा असेल तर श्वास सुरळीत चालू राहतो.

वायू बदलण्याचा क्रम प्रत्येक संस्था थोड्या वेगळ्या शब्दांत शिकवते. मी शिकवतो तो असा. थांब्याच्या खोलीवर येऊन आधी स्थिर व्हायचे. वर-खाली होत असताना काहीही उघडायचे नाही. स्वतःच्या डायव्ह संगणकावर (खोली व थांबे दाखवणाऱ्या उपकरणावर) खोली पाहायची, मग सिलिंडरवरचा आकडा पाहायचा, आणि दोन्ही जुळतात हे जोडीदाराला दाखवायचे. जोडीदार तो आकडा स्वतः वाचतो. माझी मान हललेली पाहून त्याने मान हलवायची नाही. नंतर नळी पट्ट्यांखालून पूर्ण बाहेर काढायची, व्हॉल्व्ह उघडायचा आणि हात व्हॉल्व्हवरून फर्स्ट स्टेजवर (रेग्युलेटरच्या व्हॉल्व्हला जोडलेल्या भागावर), तेथून नळीवर सरकवत सेकंड स्टेजपर्यंत न्यायचा, म्हणजे जे तोंडात जाणार ते याच सिलिंडरचे आहे हे बोटांनाही कळते. जोडीदाराने हाताच्या खुणेने होकार दिला की अदलाबदल. पहिले दोन-तीन श्वास घेताना गेजवर नजर ठेवायची; काटा श्वासागणिक खाली डुबकी मारत असेल तर व्हॉल्व्ह पुरता उघडलेला नाही. संगणकावर वायू बदलल्याची नोंद सर्वांत शेवटी. दोघांनी हे एकाच वेळी करू नये. एकाचे पुरे होईपर्यंत दुसऱ्याने पाहण्याचेच काम करावे. यास मिनिट-दोन मिनिटे जातात. जाऊ द्यावीत.

प्रश्न : भोसरीला माझा पावडर कोटिंगचा छोटा व्यवसाय आहे. माझा सेकंडहँड घेतलेला ॲल्युमिनियमचा सिलिंडर मी स्वतःच्याच भट्टीत पिवळा करून, त्यावर आकडे पक्के काढून घेणार आहे. तसेच शेजारी वेल्डिंगसाठी ऑक्सिजन येतो, त्यातून थोडा भरून घेता येईल का? (एक वाचक, भोसरी)

उत्तर : दोन्ही गोष्टी करू नयेत, आणि पहिली तर मुळीच नको. पावडर कोटिंगची भट्टी १८० ते २०० अंशांवर चालते, हे आपणांस मी सांगायला नको. सिलिंडरच्या ॲल्युमिनियमची ताकद उष्मोपचाराने आलेली असते व त्या तापमानाला ती उतरू लागते. १७५ अंश सेल्सिअसच्या वर तापलेला ॲल्युमिनियमचा सिलिंडर बाद धरतात. वरून तो नवा कोरा दिसेल आणि २०० बारला कधी दगा देईल सांगता येणार नाही. ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला रंगाची गरजही नसते. आकडा विनाइलचा कापून चिकटवावा. वायू बदलला की तो बदलताही येतो, म्हणून ‘पक्का’ आकडा तसाही गैरसोयीचाच.

सेकंडहँड म्हणालात, तेव्हा खांद्यावरचे ठसे आधी वाचा. जलदाब चाचणीची तारीख तेथे कोरलेली असते. सिलिंडर १९८० च्या दशकातील किंवा त्यापूर्वीचा असेल, तर तो ६३५१ या मिश्रधातूचा असू शकतो. त्या धातूच्या मानेत, आट्यांच्या जवळ, सततच्या दाबाने भेगा पडल्याची उदाहरणे आहेत आणि म्हणूनच पुढे उत्पादक ६०६१ कडे वळले. तसा जुना असेल तर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

ऑक्सिजनबाबत : सिलिंडर भरण्याचा परवाना लागतो, आणि हा विषय गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली येतो, अंमल पाहणारी पेसो ही यंत्रणा आपल्या नागपुरातच आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, हवेसाठी वापरलेल्या सिलिंडरमध्ये व व्हॉल्व्हमध्ये कॉम्प्रेसरच्या तेलाचा अंश असू शकतो. दाबाखालचा ऑक्सिजन अरुंद जागेत एकदम घुसला की तेथील वायू दाबला जाऊन क्षणात तापतो, आणि तेल, साधे ग्रीस किंवा साधी रबरी रिंग पेट घेते. म्हणून शुद्ध ऑक्सिजनच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह व रेग्युलेटर ऑक्सिजनसाठी खास साफ केलेले, योग्य रिंगा व योग्य ग्रीस घातलेले असावे लागतात, आणि तरीही व्हॉल्व्ह अगदी सावकाश उघडायचा. तोंड गेजसमोर धरू नये. वर्कशॉपमधल्या तेलकट हाताने तर त्या रेग्युलेटरला शिवूही नये.

जाता जाता, आपण मे महिन्यात मालवणला सरावासाठी गाडीने सिलिंडर नेणार असल्याचेही लिहिले आहे. बंद गाडी उन्हात ६० अंशांपर्यंत तापली, तर २७ अंशांना २०० बार असलेला दाब २२२ बारच्या घरात जातो. म्हणून सिलिंडर पूर्ण भरून नेऊ नये, गाडीत आडवे ठेवून पट्ट्याने घट्ट बांधावेत, व्हॉल्व्हवर धूळटोपी लावावी, रेग्युलेटर काढून वेगळ्या पिशवीत घ्यावेत, आणि जेवायला थांबाल तेव्हा गाडी सावलीत लावून काचा थोड्या उघड्या ठेवाव्यात.